पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात पाणी आणि संडासावर लोकांनीच लक्ष कसं ठेवायचं?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात तरुण मंडळ, बचत गट आणि ग्रामपंचायत मिळून पावसाळ्याआधीची तयारी चालू आहे. वेदगंगा-दूधगंगेवरचे बंधारे पाण्याखाली गेले की पुढं काय होतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. 2019 किंवा 2021 सारखं पाणी चढलं तर सुमारे 600 माणसं हायस्कूलमध्ये हलवावी लागतील. शाळेला 12 खोल्या, 6 संडास, एक बोअर आणि 2,000 लिटरच्या दोन टाक्या आहेत. टँकर 5,000 लिटरचा मिळेल.

निर्वासितांच्या छावण्यांत वापरतात ते स्फिअरचे नियम (आपत्तीतल्या मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) चाळले. समिती नेमा, लोकांना सामील करून घ्या, देखरेख ठेवा असं त्यात आहे. पण त्या छावण्या वर्षानुवर्षं चालतात आणि आपलं केंद्र दहा-पंधरा दिवसांचं. एवढ्या वेळात समिती बसवून उपयोग होतो का? रोज नेमकं काय मोजायचं, कुणी मोजायचं, आणि आकडा वाईट आला तर काय करायचं? भाषणं नकोत, करण्यासारखं सांगा.

पाणीवही_चिकोडी

आधी हिशेब मांडा. किती पाणी यायला हवं हेच माहीत नसेल तर समिती देखरेख कशावर ठेवणार?

स्फिअरचा किमान आकडा माणशी रोज 15 लिटर आहे. पिणं, स्वयंपाक आणि धुणंपाणी त्यात आलं. 600 माणसांना 9,000 लिटर, म्हणजे टँकरच्या दोन खेपा. संडासात ओतायचं पाणी त्याच्या वर धरा. बादलीनं पाणी ओतायच्या संडासाला माणशी रोज 3 ते 5 लिटर लागतात, म्हणजे आणखी 1,800 ते 3,000. ते कच्चं पाणी चालेल, पण त्याचं पिंप वेगळं, लाल रंग दिलेलं आणि संडासाजवळच असावं. हे वेगळं काढलं नाही तर पिण्याच्या टाकीवर त्याचा भार पडतो आणि दुपारीच टाकी रिकामी होते.

250 माणसांना एक नळ हा नियम मिनिटाला 7.5 लिटर धार धरून केलाय. मोबाइलवर वेळ लावा, 20 लिटरची बादली 160 सेकंदांत भरली पाहिजे. नियमानं तुम्हाला 3 नळ पुरतात, पण निम्मं पाणी सकाळीच भरलं जातं. 4,500 लिटर 3 नळांतून काढायला 3 तास 20 मिनिटं लागतात. 6 नळ लावले तर 1 तास 40 मिनिटं. रांग अर्ध्या तासाच्या वर गेली की लोक ओढ्याकडं किंवा जवळच्या विहिरीकडं वळतात, आणि तुमचं सगळं क्लोरीन टाकीतच राहतं. पैसे कमी असतील तर फ्लेक्सचा खर्च वाचवा आणि जादा तोट्या घ्या. नळाखाली काळी माती असेल तर शोषखड्डा पाणी पित नाही. फरशी टाकून चर काढा आणि पाणी लांब न्या.

आता क्लोरीन. ब्लीचिंग पावडर (टीसीएल) टाकीत तशीच टाकू नका. चुना तळाशी बसतो, तोट्या तुंबतात आणि डोस कळत नाही. पावडरीत 25 टक्के क्लोरीन धरलं तर 40 ग्रॅम पावडर 1 लिटर पाण्यात ढवळा, बसू द्या आणि वरची निवळ प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काढा. हे 1 टक्का द्रावण झालं. मग 20 लिटरच्या चार बादल्या घ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजनं त्यांत 2, 4, 6 आणि 8 मिली द्रावण घाला. ढवळून झाका. अर्ध्या तासानं ओटी (ऑर्थोटोलिडिन) किटनं, म्हणजे रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या संचानं, मोजा. ज्या बादलीत लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या थोडं वर क्लोरीन उरलं तो तुमचा डोस. समजा 4 मिलीची बादली बरोबर निघाली, तर 1,000 लिटरला 200 मिली, म्हणजे टँकरला 1 लिटर द्रावण. पाण्याचा उगम बदलला, पाऊस पडून गढूळपणा वाढला किंवा पावडरीचं नवं पोतं फोडलं की ही चाचणी पुन्हा करायची. पावसाळी हवेत उघड्या पोत्याचं क्लोरीन उडून जातं, आणि मापानं टाकूनही पाण्यात काही उरत नाही.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग क्लोरीन. उलट केलं तर क्लोरीन गाळातच खर्च होतं.

ओटीचा पिवळा रंग थेंब टाकल्यावर 10 सेकंदांच्या आत वाचा. उशिरानं गडद होणारा रंग बांधलेल्या (घाणीशी जोडल्या गेलेल्या) क्लोरीनचा असतो, तो धरायचा नाही. ते रसायन विषारी आहे, तपासलेलं पाणी चरात ओता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकीत मोजून थांबू नका. संध्याकाळी कुठल्याही 10 कुटुंबांच्या कळशीत किंवा पिंपात मोजा. तिथं 0.2 तरी हवं. दक्षिण सुदानमधल्या निर्वासित छावण्यांत 2013 साली मोजणी झाली तेव्हा नळाला क्लोरीन बरोबर होतं आणि घरातल्या भांड्यात काही तासांनी संपलेलं होतं. म्हणून तिथं नळालाच 1 मिलिग्रॅमपर्यंत ठेवायची शिफारस झाली. तुमच्या 10 पैकी 3-4 भांड्यांत शून्य आलं तर नळाचा डोस वाढवा. त्याबरोबर भांडी बघा: झाकण आहे का, आत शेवाळ आहे का, तांब्या हातासकट बुडतो का. प्रत्येक कुटुंबाला 10 ते 20 लिटरची झाकणाची दोन भांडी आणि एक लांब दांड्याचं ओगराळं मिळालं पाहिजे. ओगराळ्याचा खर्च मामुली आहे, तरी खरेदीच्या यादीतून तेच राहून जातं.

आशा_सीमाभाग

पाण्यावर दादांनी पुरेसं लिहिलंय. मी संडासावर लिहिते, कारण केंद्र पहिल्यांदा तिथंच कोलमडतं.

सुरुवातीला 50 माणसांमागं 1, आणि जमेल तितक्या लवकर 20 मागं 1. म्हणजे आधी 12, मग 30. तुमच्याकडं 6 आहेत, तेव्हा फिरत्या शौचालयांची मागणी पाणी चढायच्या आधीच लेखी देऊन ठेवा. बायका-पुरुषांचं प्रमाण 3 ला 1, म्हणजे 12 पैकी 9 बायकांसाठी. शाळेत सहसा निम्मे-निम्मे असतात. दारावरच्या पाट्या पहिल्याच दिवशी बदलून टाका. वाट खोल्यांपासून 50 मीटरच्या आत, दिवा, आतून कडी, झाकणाचा डबा आणि दाराबाहेर साबण हवा. यातली एखादी गोष्ट नसली तरी संडास कागदावर राहतो आणि बायका जात नाहीत.

मोजताना "एकूण किती" असं मोजूच नका. "आत्ता जाण्याजोगे किती" असं मोजा. बंद, तुंबलेला, कडी तुटलेला, अंधारातला हे सगळे शून्य. दिवसा एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा. रात्रीची फेरी बायकांनीच करायची.

बायकांशी बोलायचं असेल तर मिश्र बैठक नको. सरपंच, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि चार मंडळाची पोरं समोर बसली की सगळ्या "बरं हाय" म्हणतात. स्वयंपाकाच्या किंवा धुण्याच्या जागेवर सहा-सात जणींना घेऊन बसा आणि थेट विचारा: रात्री कुठं जाता? संध्याकाळनंतर पाणी पिणं कमी केलंय का? पाळीचे कपडे कुठं धुता, कुठं वाळत घालता? दुसऱ्या प्रश्नाला दोघी-तिघी हो म्हणाल्या की वाट किंवा दिवा बिघडलाय असं समजा. गरोदर, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांना वेगळं विचारा. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसायला त्यांना एक धरायचा पाइप किंवा बैठकीची खुर्ची लागते.

सेप्टिक टाकीचं दुखणं पुरातलंच. जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा घेईनासा होतो, टाकी उलटी भरते आणि भांड्यातून मैला वर येतो. रोज काठी घालून बघा. स्लॅबच्या खाली 30 सेंटीमीटर मोकळं राहिलं नाही की सक्शन गाडी बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्यानं ते बंद केलंय आणि आतल्या वायूनं माणूस काही क्षणांत मरतो. संडास धुण्याचं काम रोजंदारीवर, हातमोजे आणि बूट देऊन करून घ्या. गावातल्या एकाच समाजाच्या लोकांवर ते "तुमचंच काम" म्हणून टाकलं जातं. समितीनं पहिल्या बैठकीत हे स्पष्ट शब्दांत नाकारलं पाहिजे.

आणि घाईत खड्डे खणू नका. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत 2017 च्या गर्दीत शौचखड्डे आणि उथळ नळकूप अगदी शेजारी-शेजारी झाले, नंतर कितीतरी नळकूप बंद करावे लागले. नियम असा की खड्डा पाण्याच्या उगमापासून 30 मीटर लांब आणि त्याचा तळ भूजलाच्या 1.5 मीटर वर हवा. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या काळ्या रानात हा दुसरा नियम पाळता येणारच नाही, तेव्हा जमिनीवरची टाकी असलेले फिरते संडासच घ्या.

साबण महिन्याला माणशी 250 ग्रॅम अंगाचा आणि 200 ग्रॅम कपड्यांचा. पंधरा दिवसांना 600 माणसांसाठी 100 ग्रॅमच्या 750 अंगाच्या वड्या आणि 60 किलो कपड्यांचा साबण. देणगीदार बिस्किटं आणतात, त्यांना ही यादी द्या.

रोज सकाळी खोलीखोलीत एकच प्रश्न: 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब कुणाला झाले? नावं गावच्या आशा कार्यकर्तीकडं द्यायची, फळ्यावर नुसती संख्या. ओआरएसची पुडी 1 लिटर पाण्यात, त्यात साखर-मीठ वाढवायचं नाही. मोठ्या माणसाला पाण्यासारखे जुलाब होऊन डोळे खोल गेले तर तसल्या एकाच रोग्यावर आरोग्य केंद्राला फोन करा, दुसऱ्याची वाट बघू नका. 1994 साली झैरेतल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाला रवांडाचे निर्वासित आले, तिथल्या लाव्हाच्या खडकात संडास खणता येईनात, लोक किवू सरोवराचं पाणी तसंच पीत होते. कॉलऱ्यानं काही आठवड्यांत हजारो माणसं गेली. स्फिअरचे आकडे त्यानंतरच्या विचारातून आलेत, ते हलके घेऊ नका.

दूधगंगाकाठ

दोघांचे आभार. दोन अडचणी आहेत. क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक पाणी टाकून देतात. आणि वही मराठीत लिहिली तर तालुक्याला चालत नाही, कन्नडमध्ये लिहिली तर आमच्या बायकांना वाचता येत नाही. यावर काय करता येईल?

खोलीप्रमुख

वासाचं आधी. 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर भांडं उघडं न ठेवता, स्वच्छ फडकं बांधून तासभर ठेवलं की वास बराच कमी होतो. वास आला म्हणजे डोस जास्त असंही नाही. पाण्यात घाण जास्त असली तर बांधल्या क्लोरीनचाच वास जास्त येतो. ओटी किट समितीतल्या दोन बायकांच्या हातात द्या आणि तपासणी नळावर, रांगेसमोर करू द्या. पिवळा रंग कुठल्या पट्टीला जुळला पाहिजे ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की टाकून देणं कमी होतं. बंद खोलीत मोजून आकडा सांगितला तर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

भाषेला शाळेचा फळाच वापरा की. सहा रकाने पुरेत: चालू नळ, सकाळचं नळाचं क्लोरीन, संध्याकाळी 10 पैकी किती भांड्यांत 0.2, जाण्याजोगे संडास, जुलाबाचे रोगी, आणि शेवटचा "काल सांगितलेलं काय झालं". शीर्षकं मराठीत आणि खाली कन्नडमध्ये, शेजारी नळाचं, कळशीचं, दाराचं चित्र. बाकी सगळे आकडे. रोज संध्याकाळी सहाला फळ्याचा फोटो पीडीओ आणि नोडल अधिकाऱ्याला पाठवा. कन्नड गोषवारा त्या फोटोवरून ग्रामपंचायतीत तयार होतो, दोन वह्या लिहायची गरज नाही.

सहावा रकाना रिकामा ठेवायचा नाही. काम झालं नसेल तर "दिवा आला नाही, तहसील कार्यालयाला कळवलं, उद्या दुपारी पुन्हा विचारणार" असं लिहा. लोक दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा सांगत नाहीत. तक्रारपेटी ठेवलीत तरी तिच्यावर विसंबू नका. लिहिता न येणारा माणूस पेटीपाशी जात नाही, आणि सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला बाई कचरते.

दहा दिवसांसाठी समिती बसते का, तर निवडणूक केली तर नाही बसत. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीनं एक बाई आणि एक पुरुष सांगायचा. त्या 24 जणांतून रोजच्या कामाला 8 घ्या, त्यांत निम्म्या बायका. कुठल्या वस्तीची माणसं कुठल्या खोलीत आहेत ते मात्र डोळसपणे बघा. शेवटच्या दोन खोल्या नळापासून लांब आणि संडासाला लागून, आणि तिथं नेमकी दलित वस्ती, असं झालं असेल तर ती वाटणी त्याच रात्री बदला. त्या खोल्यांचा एक तरी माणूस आठांत हवा. नळ आणि टाकीच्या किल्ल्या दोन, एक वॉटरमनकडं आणि दुसरी समितीतल्या बाईकडं.

पाणीवही_चिकोडी

दोन गोष्टी राहिल्या. म्हशी येणारच. त्यांना जनावरामागं रोज 20 ते 30 लिटर धरा, मैदानाच्या उताराच्या खालच्या बाजूला वेगळी डोणी ठेवा आणि टँकरचं तोंड तिकडं वळवू नका. नळाशेजारी शेण पडायला लागलं की माशी आणि जुलाब मागोमाग येतात.

दुसरं, पाणी ओसरल्यावर गावातले बोअर. केसिंग पाइप पुराखाली गेला असेल तर चालू करून लगेच प्यायचं नाही. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे 21 लिटर पाणी असतं. 60 मीटर पाणी उभं असेल तर 1,260 लिटर, त्याला 25 टक्क्यांची 250 ग्रॅम पावडर लागते. बादलीत कालवा, निवळ आत सोडा, 12 तास ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. उपसा संपल्यावर जीवाणू तपासणीची बाटली भरा. 48 तासांत काळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर टँकर बंद करू देऊ नका. केंद्र उठलं की टँकर थांबतो आणि लोक घरी जाऊन त्याच बोअरचं पाणी पितात. म्हणून समिती घरी परतल्यानंतर आणखी आठ दिवस चालू ठेवा, फळा तेवढा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणा.