ॲम्स्टरडॅमच्या जुन्या ज्यू वस्तीतील पदभ्रमण : मार्ग आणि क्रम यांविषयी

प्रेषक : सहल समिती (मार्गदर्शक)

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

पदभ्रमणात ॲन फ्रँकचे घर का नाही, अशी विचारणा अनेकांनी केली आहे, म्हणून मार्गासोबत त्यामागचा विचारही मांडते. ते घर प्रिन्सनग्राख्ट या कालव्यावर, शहराच्या पश्चिम भागात आहे. जुनी ज्यू वस्ती पूर्वेला, वॉटरलूप्लाइनच्या भोवती होती. फ्रँक कुटुंब १९३० च्या दशकात जर्मनीतून आले आणि शहराच्या दक्षिणेकडील नव्या वसाहतीत राहिले. तिकिटे आगाऊ आणि संकेतस्थळावरूनच काढावी लागतात व भराभर संपतात, ही अडचण आहेच; पण माझा खरा आक्षेप असा आहे की त्या घरापासून सुरुवात केली, की इथल्या ज्यूंचा इतिहास १९४० ते १९४५ या पाच वर्षांत आटोपतो. प्रत्यक्षात तो त्याआधीच्या साडेतीनशे वर्षांचा आहे आणि तो आधी पाहिल्याशिवाय त्या पाच वर्षांत नेमके काय गेले, हे कळत नाही.

म्हणून सुरुवात योडनब्रेस्ट्राटवरील, चित्रकार रेम्ब्रांटच्या घरापासून करावी, असे सुचवते. तो स्वतः ज्यू नव्हता, पण राहायला आला तो ज्यू शेजाऱ्यांत. हे घर त्याने १६३९ साली घेतले, त्याचे पैसे काही पुरते फिटले नाहीत आणि १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, तिथून हाकेच्या अंतरावर, पोर्तुगीज ज्यूंच्या पंचांनी, पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या, तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला वाळीत टाकले. ज्या समाजाने हे केले, तो स्वतः इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, जाचातून सुटून, सक्तीने लादलेला ख्रिस्ती धर्म टाकून, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे आला होता. तिसऱ्या-चौथ्या पिढीत विस्मरणात गेलेला धर्म ही मंडळी पुस्तकांवरून नव्याने शिकत होती, हे ध्यानात घेतले, तर पंचांचा कठोरपणा पटत नसला तरी समजतो.

व्हेनिसप्रमाणे इथे भिंत घालून रात्री दारे बंद केलेली वस्ती कधीच नव्हती. ज्यूंना शहरात कुठेही राहण्याची मुभा होती. मात्र बहुतेक कारागिरांचे संघ त्यांना बंद होते. त्यामुळे संघांच्या कक्षेबाहेर राहिलेले धंदे त्यांच्या वाट्याला आले : छपाई, साखर, तंबाखू, हिऱ्यांना पैलू पाडणे आणि १६३० नंतर जर्मनी-पोलंडकडून आलेल्या गरीब अश्केनाझी ज्यूंसाठी फेरीचा धंदा व जुना बाजार. पूर्ण नागरी हक्क मिळाले ते १७९६ साली. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर श्रीमंत पोर्तुगीज सावकार असतात. या गल्ल्यांत बहुसंख्या होती ती हातगाडीवाल्यांची, आणि त्यांच्याविषयी बोलायला मला निम्मा वेळ हवा आहे. वॉटरलूप्लाइनचा चौकच मुळी १८८२ साली दोन कालवे बुजवून तयार झाला आणि पुढे या फेरीवाल्यांची त्यावर रवानगी झाली. हिऱ्यांच्या कारागिरांनी १८९४ साली स्थापन केलेली संघटना देशातील सर्वांत भक्कम कामगार संघटनांपैकी एक ठरली. बेर्लाखे या वास्तुविशारदाने बांधलेली तिची इमारत आपल्याला वाटेत लागेल.

त्यानंतर पोर्तुगीज ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग; त्यालाच एस्नोगा म्हणतात. इथे घाई करू नये. १६७५ साली उघडलेल्या या वास्तूत आजही मुख्य दालनात विजेचे दिवे नाहीत. संध्याकाळी काही असेल तर पितळी झुंबरांतील सुमारे हजार मेणबत्त्या लावल्या जातात. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते. ती ओल आणि बुटांची घाण शोषून घेते, शिवाय पावलांचा आवाजही दबतो. पूर्वेकडील कोपऱ्यात तोरा हा धर्मग्रंथ ठेवण्याचे जे प्रचंड कपाट आहे, ते ब्राझीलहून आणलेल्या लाकडाचे आहे. आवारातील एट्स हाईम हे ग्रंथालय १६१६ सालच्या शाळेबरोबर सुरू झाले आणि अजून चालू आहे. युद्धात आजूबाजूचे सारे उद्ध्वस्त झाले, पण ही वास्तू अंगावर ओरखडाही न उठता राहिली.

सिनेगॉगच्या मागच्या चौकात मारी आंद्रीसन यांनी घडवलेला गोदी-कामगाराचा पुतळा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच चौकातून चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ सर्वजण छळछावण्यांत, मुख्यतः माउटहाउझनला, मेले. त्याच्या निषेधार्थ २५ फेब्रुवारीला ट्रामवाल्यांपासून गोदी-कामगारांपर्यंत सगळे शहर संपावर गेले. दरवर्षी त्या दिवशी लोक इथे फुले वाहतात.

कळावे, लोभ असावा.

*

प्रेषक : एक सभासद, हिल्वरसुम

मार्गदर्शक ताईंना सप्रेम नमस्कार.

आराखडा आवडला, विशेषतः हातगाडीवाल्यांना जागा दिलीत, हे फार बरे केलेत. माझी शंका मुलांपुरती आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मंडळाच्या सहलींना याच वयाची मुले सर्वाधिक असतात. या मार्गाच्या शेवटी वेस्परस्ट्राटवरील, मारल्या गेलेल्यांच्या नावांचे स्मारक आणि मग, ज्यूंना छावण्यांत पाठवण्यापूर्वी जिथे कोंडले ते हॉलंडशे स्खाउबुर्ख हे नाट्यगृह येणार, हे उघड आहे. युद्धाचा विषय इथल्या शाळेत निघतोच, त्यामुळे मुलांपासून तो लपवावा, असे माझे म्हणणे नाही. पण सहलीला म्हणून घराबाहेर पडलेल्या मुलाला दुपारच्या जेवणानंतर लगेच त्या दारात नेऊन उभे करावे का, याचा समितीने विचार करावा. दुसरे असे की, शनिवार ठेवल्यास वॉटरलूप्लाइनचा जुना बाजार मुलांना पाहता येईल. रविवारी तो बंद असतो.

आपली नम्र.

*

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, द हेग

सप्रेम नमस्कार.

शनिवार सुचवणाऱ्या ताईंना एवढेच सांगावेसे वाटते की, तो सब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा, दिवस असल्याने एस्नोगा पाहुण्यांना बंद असते. युद्धापूर्वी या भागातील बाजार रविवारीच ऐन भरात येई, त्याचे कारणही तेच होते. ‘शनवार तेली’ ही ओळख ज्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रुजली, तिथल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अलिबाग-पेणच्या बाजूला लहानपण गेलेल्यांनी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शेजारी पाहिले असतील. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांचे ते वंशज.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पदभ्रमणात ‘आपला संबंध’ म्हणून बेने इस्रायलींवर एखादे भाषण घालावे, अशी सूचना मला काहींनी खासगीत केली. माझे मत विरुद्ध आहे. ॲम्स्टरडॅम आणि कोकण यांच्यात थेट धागा मला दिसत नाही. मात्र वळसा घेऊन जाणारा एक धागा खरा आहे आणि तो सिनेगॉगच्या आवारात दोन वाक्यांत सांगता येईल. कोची १६६३ पासून डचांच्या ताब्यात होते. १६८६ साली ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंपैकी मोशे परेरा द पाइव्हा कोचीला गेले, तिथल्या ज्यूंची विचारपूस केली आणि त्याचा वृत्तान्त पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये पोर्तुगीज भाषेत छापला. एस्नोगा उघडून तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. त्यानंतर कोचीच्या ज्यूंना हिब्रू ग्रंथ इथल्याच छापखान्यांतून मिळू लागले. आणि त्याच कोचीच्या ज्यूंपैकी काही जण पुढे मुंबई आणि कोकणात बेने इस्रायलींना हिब्रू व धर्मविधी शिकवण्यास गेले. मुंबईत मांडवीला बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली, म्हणजे इथे ज्यूंना नागरी हक्क मिळाले त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोग म्हणूनच सांगावा.

मुलांविषयीच्या शंकेचे उत्तर मार्गदर्शक ताईंनीच द्यावे.

*

प्रेषक : सहल समिती (मार्गदर्शक)

स. न. वि. वि.

दोन्ही पत्रांबद्दल आभारी आहे. काकांनी सुचवलेली कोचीची माहिती सिनेगॉगच्या अंगणात सांगेन, भाषण ठेवणार नाही. दिवस रविवारच राहील. बाजारापेक्षा एस्नोगा आतून पाहणे महत्त्वाचे आहे.

मुलांबाबतची शंका रास्त आहे. त्यासाठी पदभ्रमणाचे दोन भाग करते. पहिला भाग गोदी-कामगाराच्या पुतळ्यापाशी संपेल आणि ज्यांना परतायचे असेल, त्यांना समोरूनच मेट्रो मिळेल. दुसऱ्या भागात दोन ठिकाणे आहेत आणि ती कशी दाखवणार, हे आधीच लिहिते, म्हणजे पालकांना ठरवता येईल.

वेस्परस्ट्राटवर चालताना लोक हमखास विचारतात की, वस्ती ती कोणती? रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना कार्यालये. याचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. माणसे नेल्यावर घरे रिकामी पडली. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गोठलेल्या शहराने जळणासाठी त्या घरांतील जिने, तुळया आणि फळ्या काढून नेल्या, आणि आधार गेल्यावर भिंती कोसळल्या. उरलेले काम युद्धानंतर नगरपालिकेने मोटारींच्या रस्त्यासाठी आणि मेट्रोसाठी केले. जर्मनांनी माणसे नेली, पण घरे जर्मनांनी पाडली नाहीत. हे इथे उभे राहून सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे. अनेक सहलींत ते गाळले जाते. न्यूमार्क्ट भागात पाडापाडीविरुद्ध लोक उठले, १९७५ साली तर दंगलीही झाल्या; या विरोधामुळे सेंट अँटोनिसब्रेस्ट्राट अरुंद राहिला आणि त्यावरील दे पिंटो या ज्यू कुटुंबाचा वाडा वाचला. त्याला लागून पुढे जाणारा योडनब्रेस्ट्राट मात्र एकदम रुंद होतो. सकाळी आपण या दोन रस्त्यांच्या सांध्यावर उभे राहू. तिथे मुलांना काहीही समजावून सांगावे लागत नाही.

याच वेस्परस्ट्राटवर २०२१ साली उघडलेले, डॅनिएल लिबेस्किंड यांनी रचलेले नावांचे स्मारक आहे. त्यात एक लाख दोन हजारांहून अधिक विटा आहेत आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचे वय कोरलेले आहे. देशातील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी हे बहुतेक. सिंती आणि रोमा या भटक्या समाजांतील लोकांची नावेही त्यांत आहेत. नावे आडनावांच्या वर्णक्रमाने असल्याने एकेका कुटुंबाच्या विटा शेजारीशेजारी येतात, आणि वये वाचू लागले की आजी, आई व मूल आपोआप वेगळे दिसतात. मुले वये वाचतातच. पालकांनी त्यांच्याजवळ असावे. याच रस्त्यावर १९५० साली, वाचलेल्या ज्यूंच्या वतीने, डच लोकांचे आभार मानणारे स्मारक उभारले होते. चारांपैकी तीन माणसे मेल्यावर आभार कसले, हा प्रश्न इथे फार उशिरा विचारला गेला.

शेवटचे ठिकाण प्लांटाज मिडनलान. स्खाउबुर्ख हे नाट्यगृह. १९४२-४३ मध्ये ज्यूंना छावण्यांत पाठवण्यापूर्वी इथे कोंडून ठेवत. लहान मुलांना मात्र समोरच्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहात नोंदी ठेवणारे वाल्टर झ्युस्किंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून सुमारे सहाशे मुले बाहेर काढली. मुलाची नोंद कागदावरून नाहीशी करायची, मूल मागच्या बागेतून विद्यालयात द्यायचे, तिथून टोपलीत किंवा पिशवीत घालून कोणीतरी न्यायचे. दाराकडूनही मुले निघत : समोरच्या पहारेकऱ्यांच्या आणि पाळणाघराच्या मधून ट्राम आली, की तेवढ्या आडोशात मुलाचा हात धरून बाहेर पडायचे आणि ट्रामच्या बरोबरीने चालत राहायचे. पिमेंटेलबाई स्वतः आउश्विट्समध्ये मारल्या गेल्या. त्या विद्यालयाच्या इमारतीत मार्च २०२४ पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे. नऊ वर्षांच्या मुलाला नाट्यगृहाची हकिगत जड जाईल हे खरे, पण ट्रामची हकिगत तो नक्की ऐकेल, आणि रूळ अजून त्याच जागी असल्याने ती रस्त्यावर उभे राहूनच सांगेन. संग्रहालयाच्या आत मुलांना नेऊ नये, अशी माझी शिफारस आहे. प्रौढांपैकी ज्यांना जायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे, बाकीच्यांनी समोरून ट्रामने निघावे.

सिनेगॉगमध्ये पुरुषांना डोके झाकावे लागते. टोपी आणावी, नसल्यास दारात किप्पा मिळते. जेवण पहिल्या भागानंतर, आपापल्या डब्यांतले, पुतळ्याजवळच्या बाकांवर नव्हे तर पुढे वेर्टहाइम उद्यानात घ्यावे. तिथे फुटक्या आरशांचे आउश्विट्स स्मारकही आहे, त्यापासून थोडे दूर बसू. कोण पहिल्याच भागाला येणार आणि कोण दोन्ही भागांना, हे मुलांच्या वयांसह शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे तिकिटांची संख्या ठरवता येईल.

कळावे.