सॅन स्टॉर्म घरीच उभी करायची आहे: आधी बॉडी की आधी चॅसी? (नाशिक)

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. सॅन स्टॉर्म घेतली आहे. गोव्यात बनायची तीच, दोन सीटची, फायबर बॉडीची, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन असलेली. पासिंग गोव्याचं आहे. गाडी बरीच वर्षं उघड्यावर उभी होती, आता बंगल्याच्या पोर्चमध्ये आहे.

सध्याची अवस्था अशी: बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. डाव्या पुढच्या फेंडरला चाकाच्या कमानीपासून वर गेलेली वीतभर आरपार चीर. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराखालच्या उंबऱ्यावर टिचकी मारली की बद्द आवाज येतो. ब्रेक पेडल थेट तळाला जातं. इंजिन अजून फिरवलेलं नाही. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालात हलतो आणि मागचा लाल दिवा मंद होतो.

पेंटरचं म्हणणं, आधी बॉडी करून घ्या, पुट्टी ओढून रंग मारतो, मेकॅनिकल सावकाश होईल. हे बरोबर आहे का? फायबरचं काम घरी जमेल का? आणि मारुतीचं १३०० सीसी इंजिन टाकावं का? पार्ट मिळतात म्हणून विचारतोय. गाडी हलकी आहे, ती हलकीच राहिली पाहिजे, शक्य झालं तर आणखी हलकी.

---

सातपूर_टूलरूम

पेंटरला आत्ता पाठवू नका. रंग सगळ्यांत शेवटी. फायबरच्या गाडीत खरी ताकद खालच्या लोखंडी चॅसीत असते आणि ती सडलेली असली तरी वरून काहीच दिसत नाही. पत्र्याच्या गाडीत गंज रंगाला फुगवून बाहेर येतो, फायबरमध्ये तो आतल्या आत पाइप खातो.

पहिलं काम म्हणजे गाडी चार स्टँडवर घेणं. स्टँड चॅसीच्या पाइपखालीच लागले पाहिजेत, फायबरच्या कडेला जॅक लावला तर ती कड तिथेच फुटते. मग सीट, कार्पेट, आतली ट्रिम काढा. बॉडी चॅसीवर कुठे बोल्टने धरली आहे आणि कुठे रेझिनने चिकटवली आहे याचे फोटो काढून ठेवा. जिथे मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, पाइपवर गुंडाळलेली आहे ती जागा जास्त संशयाची, कारण मॅट एकदा पाइपपासून सुटली की फटीत पाणी बसून राहतं. लहान हातोडीने पाइप ठोकत जा, खणखणीत आवाज यायला हवा. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबून बघा. सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात ते ब्रॅकेट, स्टीअरिंग रॅकचं माउंटिंग आणि सीट बेल्टचे बोल्ट, या जागा एकही न सोडता तपासा. तुमच्या उंबऱ्याचा बद्द आवाज याच पोटचा असायची शक्यता मोठी आहे.

कापण्याआधी माप घ्या. डाव्या पुढच्या पिकअप पॉइंटपासून, म्हणजे सस्पेन्शनचा आर्म चॅसीला जोडतो त्या जागेपासून, उजव्या मागच्या पॉइंटपर्यंत, मग उलट कर्ण. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या तर एकट्याला जमतं. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चॅसी वाकलेली आहे, आधी ती सरळ करायची. सडलेला तुकडा कापण्यापूर्वी त्याच्या शेजारून तात्पुरता अँगल टाके मारून बसवा, नाहीतर पाइप कापताक्षणी चॅसी उघडते आणि दारं पुन्हा जुळत नाहीत. मूळ पाइपाइतक्याच जाडीचा पाइप वापरा. जाड टाकला की वजनही वाढतं आणि शेजारचा पातळ पाइप जोडाजवळ तुटतो.

वेल्डिंग सीओटूने, ०.८ मिमी वायरवर. पातळ पाइपला साध्या रॉडने भोकं पडतात. बॅटरीच्या दोन्ही वायर आणि ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढल्याशिवाय मशीन लावू नका. पेट्रोल टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. रेझिन पेटतं आणि विझवायला अवघड असतं, म्हणून वेल्डच्या आसपासचं फायबर हातभर मोकळं करा, ओलं फडकं टाका, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. काम झाल्यावर पाइपच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारा. नुसता बाहेरून रंग मारून पाइप वाचत नाही.

---

मॅट_आणि_रेझिन

फायबरचं काम घरी नक्की जमतं. पण पोर्च उघडा हवा आणि घरातली लहान मुलं त्या बाजूला फिरकता कामा नयेत. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, हातमोजे आणि बंद गॉगल. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाटली उघडण्याआधी गॉगल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर पिकवणारं अॅक्सिलरेटर, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधीच घातलेलं, प्री-अॅक्सिलरेटेड रेझिन मागा, म्हणजे तो प्रश्नच राहत नाही.

आता भेगा. बॉनेटवरच्या बारीक भेगा बहुतेक वेळा फक्त जेलकोटच्या, म्हणजे रेझिनच्या सगळ्यांत बाहेरच्या गुळगुळीत थराच्या असतात. नाण्याने ठोकून आवाज सगळीकडे सारखा आला तर आतला थर शाबूत आहे. त्यांच्यावर नुसती पुट्टी ओढली तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या पुन्हा वर येतात. जेलकोट ८० नंबरच्या पेपरने घासून काढायचा आणि वर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या मॅटचा किंवा टिश्यूचा (तलम काचतंतूंची चादर) एक पातळ थर द्यायचा. जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर अजिबात लावू नका, तो रेझिनमध्ये मुरतो आणि पुढे रंगाला फोड आणतो. उघड्या फायबरवर पाणी पेपरही नको, तंतू पाणी ओढतात.

फेंडरची चीर आरपार आहे, तिथे रीत वेगळी. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे जात नाही. मग दोन्ही बाजूंना उतार घासा. थराच्या जाडीच्या बारापट हा अंदाज धरा: ३ मिमी जाडी असेल तर चिरेपासून दोन्हीकडे साधारण ३५ मिमी. हा उतार आखूड ठेवल्यामुळेच बहुतेक दुरुस्त्या पुन्हा उघडतात. जोड कडेला कडा चिकटून टिकत नाही, नवा थर जुन्यावर पसरलेला हवा. अॅसिटोनने पुसा, सुकू द्या, त्यानंतर तिथे हात लावू नका.

आधी आतल्या बाजूने ४५० ग्रॅम मॅटचे दोन थर, ते सुकल्यावर बाहेरच्या उतारात तीन. ४५० चा एक थर सुमारे १ मिमी जाडी देतो. मोठा तुकडा आधी, लहान वर, म्हणजे शेवटी घासताना मुख्य थर कापला जात नाही. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा, विसविशीत कड जुन्या थरात नीट मिसळते. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट. १ किलो रेझिनला १५ ते २० मिली हार्डनर, पण एका वेळी २०० ग्रॅमच कालवा. डब्यात जास्त राहिलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. ब्रशने ओढायचं नाही, टोचत टोचत भिजवायचं, मग खाचांच्या लोखंडी रोलरने हवा बाहेर काढायची. पांढरट ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा किंवा ओल आहे, ओलं असतानाच तेवढा भाग उचलून पुन्हा भरा.

---

पाथर्डी_फाटा

धन्यवाद भाऊ. दोन शंका. दुकानदार नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनऐवजी इपॉक्सी रेझिन जास्त मजबूत म्हणून तेच घ्या म्हणतो. आणि हे काम डिसेंबरात काढलं तर चालेल का?

---

मॅट_आणि_रेझिन

इपॉक्सी जुन्या थराला जास्त घट्ट धरतं हे खरं. पण साध्या चॉप्ड मॅटचे तंतू ज्या बाइंडरने एकत्र राहतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीने नाही. मग मॅट कडक राहते आणि वळणावर बसत नाही. इपॉक्सी घेणार असाल तर विणलेलं कापड घ्या. आणि एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, तेव्हा ठरवून एकच रस्ता धरा. तुमच्या फेंडरला आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर पुरेसं आहे.

डिसेंबर चालेल, पण वेळ सांभाळा. नाशिकची त्या दिवसांतली सकाळ रेझिनसाठी फारच गार असते. १५ अंशांच्या खाली ते नीट पिकत नाही, आणि अर्धवट अडकलेलं रेझिन नंतर ऊन देऊनही पूर्ण कडक होईलच असं नाही. सकाळी ११ ते दुपारी ३ एवढंच काम करा, हार्डनर २ टक्के ठेवा. हार्डनर याहून वाढवून थंडीवर मात होत नाही, थर ठिसूळ होतो. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका, मॅट हवेतली ओल धरते. ऑक्टोबरचा शेवट आणि फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत उत्तम.

वजनाचं विचारलंत म्हणून हिशेब देतो. ४५० मॅटचा एक थर रेझिनसकट चौरस मीटरला जवळपास दीड किलो. बॉडीच्या ८ चौरस मीटरवर ‘मजबुतीसाठी’ एक जादा थर दिला की १२ किलो वाढले. साधी पुट्टी १ मिमी जाड ओढली तरी चौरस मीटरला पावणेदोन-दोन किलो. म्हणून पेंटरच्या हातात पुट्टीचा डबा देण्याआधी लांब फळीवर पेपर लावून पृष्ठभाग स्वतः सपाट करा. थर दिल्यावर रंगापर्यंत निदान दोन-तीन आठवडे ऊन खाऊ द्या, नाहीतर रेझिन पुढे आकसतं आणि चकचकीत रंगाखालून मॅटचे तंतू दिसायला लागतात. गडद रंगात हे लवकर उठून दिसतं. पेंट बूथमध्ये ६० अंशांच्या वर भाजू देऊ नका.

---

बारा_व्होल्ट

इंडिकेटरबरोबर काटा हलतो, मागचा दिवा मंद होतो, हे अर्थिंगचं दुखणं आहे. काटाही बदलू नका, फ्लॅशरही बदलू नका. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची वायर असते. फायबर करंट वाहून नेत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, पंपाला, मीटरला परतीची वेगळी काळी वायर लागते. तिचं टोक गंजलं की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आणि तुम्हाला दिसतंय तसं दिसतं.

चॅसीवर तीन अर्थ पॉइंट करा: पुढे, डॅशखाली, मागे. पाइप पांढरा होईपर्यंत घासायचा, रिंग टर्मिनल क्रिंप करायचं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे इंजिन ते चॅसी जाड पट्टी वेगळी हवी. ती तुटली की स्टार्टरचा करंट क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल जळते.

तपासणी मल्टिमीटरने. हेडलाइट चालू, एक प्रोब बल्बच्या अर्थ पिनवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. दिवा बंद ठेवून ओहम मोजाल तर सगळं ठीकच दिसेल, लोडवरच मोजा. हेडलाइटला रिले टाका: दोन ५५ वॅटचे बल्ब म्हणजे साधारण ९ अँपिअर, रिलेपर्यंत २.५ चौरस मिमी वायर आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. जोड कापडी टेपने गुंडाळून सोडू नका.

---

पेठरोड_खेपा

इंजिन बदलायचा विचार सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल बसत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून गाडी पासिंगला नेली तर तिथेच अडकेल. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येईल.

एक रुपया खर्च करण्याआधी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. चॅसी नंबरचा पाइप सडलेला असेल तर तो तुकडा कापू नका, आधी आरटीओशी बोला. गोव्याच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर लागते, मालकी बदलायला २९ आणि ३०, एमएच-१५ नंबर घ्यायला २७. पंधरा वर्षं उलटलेली असल्याने नूतनीकरणाला फॉर्म २५, आणि ते पाच-पाच वर्षांचं. पर्यावरण कर वेगळा. आरसीची मुदत संपली आहे का ते वाहन पोर्टलवर आजच बघा, उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. तपासणीला गाडी दाखवायची असते आणि चॅसीच्या कामाला महिने लागतील, म्हणून मूळ मालकाच्या सह्या आत्ताच घ्या.

---

सातपूर_टूलरूम

इंजिन तेच ठेवायचं तर किल्ली मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली ऑइल, एक रात्र थांबा. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे. अडलं तर जोर करू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप सुरू करण्याआधीच नवे, जुना बेल्ट दिसायला चांगला असला तरी. पार्ट नंबर सापडत नसेल तर बेल्टचे दात मोजा, रुंदी मोजा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्या मापांवर बरंच काही मिळतं. प्लग काढलेलेच ठेवून, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उपसून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. त्यानंतर प्लग आणि पेट्रोल. गरम झाल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे फेका. ई-२० मध्ये जुनं रबर फुगतं आणि तडकतं, इंजेक्शनच्या दाबाला आर-९ दर्जाचाच पाइप घ्या.

ब्रेक: पेडल तळाला जातंय म्हणजे मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत किंवा कुठेतरी गळती आहे. चारही चाकं उघडा. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर रबरांचं नवं किट टाकून उपयोग नाही, तीच कड नवं रबर कापते. लोखंडी पाइप बदलायचे तर कॉपर-निकेल, ४.७५ मिमी, आणि जुन्या टोकाची फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं तोंड) दुहेरी आहे की बबल ते बघून तशीच करा. मिसळली की गळते. ऑइल डॉट-४, सीलबंद डब्यातलं.

हलकं करण्याबद्दल: उंबऱ्याचे आणि सीटमागच्या भिंतीचे थर कमी करू नका. वरून उघड्या गाडीत पीळ तेवढ्यानेच अडतो. वजन काढायचं तर चाकांतून काढा, हलक्या अलॉय, मूळ मापाच्याच. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही चांगली असू दे, बदला.