फॉर्म्युला भारतची पहिली गाडी: स्प्रिंग, शॉक, रॉड एंड आणि सेटअप, सल्ला हवा

ए-आर्म_नवखा:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची ही पहिलीच फॉर्म्युला भारतची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसगाडी बनवून उतरवायची स्पर्धा) गाडी. फ्रेम उभी राहिली आहे, सस्पेन्शनचे पॉइंट सॉफ्टवेअरमध्ये ठरलेत, पण ए-आर्मचा (चाक फ्रेमला जोडणारा त्रिकोणी दांडा) एकही टॅक (वेल्डचा ठिपका) अजून मारलेला नाही. म्हणून आत्ताच विचारतो.

केटीएम ३९० चं इंजिन, व्हीलबेस १५५० मिमी, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) पुढे १२०० आणि मागे ११५०. गाडी अंदाजे २२० किलो, ड्रायव्हर ७०, वजनाची वाटणी पुढे-मागे ४८:५२. चारही चाकांना डबल ए-आर्म, पुशरॉड आणि बेलक्रँक (चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणारा दांडा आणि तरफ), मोशन रेशो ०.८ (चाक १ मिमी हललं की शॉक ०.८ मिमी). १० इंची रिम. शॉक माउंटन बाइकचे, २०० × ५७ मापाचे कॉइल-ओव्हर. चाकासह स्प्रिंगवर न बसणारं वजन पुढे ११ आणि मागे १२ किलो प्रति कोपरा धरलंय.

१) स्प्रिंग किती पाउंडाच्या (प्रति इंच) घेऊ? २) अँटी-रोल बार (वळणात झुकणं रोखणारी डावी-उजवी जोडणारी सळई) हवाच का? ३) ए-आर्मच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंड (आट्याच्या दांड्यावर गोळीचं बेअरिंग) की नुसतं स्फेरिकल बेअरिंग? ४) रेसिंगचे कॉर्नर वेट (प्रत्येक चाकाखालचं वजन) काटे परवडणार नाहीत, दुसरं काय वापरता येईल?

हर्ट्झ_हिशेब:
माहिती नीट दिलीत, त्यामुळे थेट आकड्यांवर येते.

पुढच्या कोपऱ्यावर एकूण ६९.६ किलो, त्यातून ११ वजा जाता स्प्रिंगवर ५८.६. मागे ७५.४ मधून १२ वजा, म्हणजे ६३.४. वारंवारता (स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा डोलते) पुढे २.८ आणि मागे ३.० हर्ट्झ धरा. चाकाजवळचा दर = वजन × (२ × π × हर्ट्झ)². पुढे १८.१, मागे २२.५ न्यूटन प्रति मिमी. याला मोशन रेशोच्या वर्गाने, म्हणजे ०.६४ ने भागा. पुढे २८.३ आणि मागे ३५.२ येतात. पाउंड प्रति इंचात १६२ आणि २०१. बाजारात २५ पाउंडांच्या टप्प्याने मिळतात, तेव्हा पुढे १७५ आणि मागे २०० घ्या, सोबत १५० ची एक जोडी घेऊन ठेवा. ती पुढे-मागे तोल बदलायला.

नुसत्या मोशन रेशोने भागू नका, वर्गानेच भागायचं. नुसत्या ०.८ ने भागलंत तर पुढे १३० पाउंडांच्या स्प्रिंगा येतील आणि गाडी ब्रेकखाली नाक टेकवेल.

यात टायरची लवचीकता धरलेली नाही. टायर १०० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास धरला तर खरी वारंवारता आठेक टक्के खाली येते. पहिल्या गाडीला चालतं.

आता ट्रॅव्हल. स्पर्धेचा नियम चाकाची एकूण ५० मिमी हालचाल आणि त्यात किमान २५ मिमी बंप (चाक वर जाणं) मागतो, ड्रायव्हर बसलेला असताना. १७५ च्या स्प्रिंगवर पुढचं चाक स्वतःच्या भाराने २९ मिमी बसतं, मागचं २०० वर जेमतेम २८. म्हणजे रिबाउंड (चाक खाली जाणं) तेवढाच. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) कॉलर १ मिमी आवळली की चाकाजवळचा रिबाउंड १.२५ मिमी कमी होतो. मागे २ मिमीपेक्षा जास्त प्रीलोड भरलात की २५ च्या खाली गेलात. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची आणि रिबाउंड बदलतो. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक नव्या टीममध्ये असतो.

बंप बाजूला ५७ च्या स्ट्रोकमधून २३.५ बसलेले आणि बंप रबराचे ८ वजा केले तरी चाकाला ३२ मिमी उरतात.

बेलक्रँक_बाय:
दुसऱ्या प्रश्नाला माझं स्पष्ट उत्तर: पहिल्या गाडीला बार नको.

वरच्याच स्प्रिंगांवर रोलचा ताठरपणा पुढे २४६ आणि मागे २५८ न्यूटन-मीटर प्रति अंश येतो (दर × ट्रॅकचा वर्ग ÷ २, मग रेडियनचे अंश). गुरुत्वमध्य ३०० मिमीवर आणि रोल अक्ष (गाडी ज्या रेषेभोवती झुकते ती) ४० वर धरला तर १ जीला (वजनाइतक्या बाजूच्या ओढीला) गाडी सव्वा अंशापेक्षाही किंचित कमी झुकते. १.४ जीला १.७ अंश, म्हणजे बाहेरचं चाक १८ मिमी वर. २५ च्या आत आहे.

बार लावण्याचं खरं कारण झुकणं कमी करणं नसून पुढे-मागे तोल बदलणं हे असतं. ते काम १५० ची जोडी करते. पुढे १७५ काढून १५० घातल्या की रोलच्या ताठरपणातला पुढचा वाटा साधारण ४९ टक्क्यांवरून ४५ वर येतो. चार टक्के म्हणजे ड्रायव्हरला पहिल्याच वळणात कळेल एवढा फरक. बारच्या लिंका, बुश, ब्रॅकेट यांत जाणारा वेळ फ्रेमच्या पिकअप पॉइंटवर (जिथे ए-आर्म फ्रेमला जोडतात) घाला. पिकअप नळ्यांच्या सांध्यापासून ४०-५० मिमी दूर, नळीच्या मधोमध आला तर नळी वाकते. स्प्रिंगऐवजी फ्रेमच दबत राहिली तर वरचा सगळा हिशेब फुकट.

फिक्स्चर_उद्यमनगर:
तिसरा प्रश्न. ए-आर्मच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंडचा आटा वाकवणारा भार कधीही देऊ नका. ब्रेक लागला की तो भार थेट आट्याच्या मुळाशी येतो आणि रॉड एंड तिथेच तुटतो. स्पर्धेच्या तपासणीतले लोकही आधी हेच बघतात. बाहेर हाउसिंगमध्ये दाबून बसवलेलं जीई ८ स्फेरिकल बेअरिंग (बोअर ८, बाहेरचा व्यास १६) आणि सर्क्लिप. आतल्या टोकाला, जिथे नळीच्या रेषेतच ओढ-दाब आहे, तिथे पीओएस ८ रॉड एंड चालतील.

बाहेरचा बोल्ट शक्यतो किंगपिनच्या (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या) रेषेत उभा ठेवा. उभा असला की स्टीअरिंग फिरताना अपराइट (हब धरणारा भाग) बोल्टभोवती मोकळा फिरतो आणि बेअरिंगचा तिरपेपणा फक्त बंप-रिबाउंडसाठी खर्च होतो. आडवा ठेवलात तर बाहेरून ९ मीटर व्यासाच्या हेअरपिनला आतलं चाक २९ अंशांच्या आसपास वळतं आणि एवढा तिरपेपणा हे बेअरिंग देत नाही.

नळी ४१३० (क्रोम-मॉली) पोलादाची, १६ × १.५ मिमी. ३५० मिमी लांबीला दाबाखाली वाकण्याची भीती नाही. भीती वेल्डची असते. पाळायच्या गोष्टी:

हाउसिंगचा बोअर वेल्डच्या आधी ०.४ मिमी कमी ठेवा. उष्णतेने तो लांबट होतोच. वेल्ड झाल्यावर आर्म फिक्स्चरवर धरून शेवटचा बोअर मारा, मग बेअरिंग दाबा. आधी बेअरिंग दाबून वेल्ड केलंत तर बेअरिंग जळून जातं.

फिक्स्चर १२ मिमी जाडीच्या प्लेटवर करा, तीनही टोकं बोल्टने आवळा, चारही बाजूंना टॅक मारून पूर्ण गार होऊ द्या, मगच शिवण. प्लेटवरून काढल्यावर डमी पिना हाताने सरकल्या पाहिजेत. हातोडी लागली तर आर्म वाकडा आहे, तो गाडीवर ओढून बसवू नका.

डावे-उजवे आर्म आरशासारखे असतील तर फिक्स्चर एकच पुरतं, पण टॅबची बाजू उलटी लागते. टॅब लावण्याआधी प्लेटवर मार्करने डावा-उजवा लिहा.

रॉड एंड विकत घेताना एकेक हातात घेऊन हलवून बघा. स्वस्त मालात कोऱ्या डब्यातच प्ले असतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला डाव्या आट्याचे पण मिळतात, फक्त जॅम नटही डाव्या आट्याचे मोजून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री तेच कमी पडतात.

ए-आर्म_नवखा:
फिक्स्चर दादा, बाहेर रॉड एंड नाही म्हणजे कँबर (चाकाचा आत-बाहेरचा कल) कसा बदलायचा? आणि बंप स्टीअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) कसा मोजायचा?

फिक्स्चर_उद्यमनगर:
कँबर शिमने. वरचा ब्रॅकेट अपराइटला दोन बोल्टने बसवा आणि मध्ये शिम घाला. वरच्या-खालच्या सांध्यात २०० मिमी अंतर असेल तर १ मिमी शिम म्हणजे ०.२९ अंश, साडेतीन मिमी म्हणजे १ अंश. ०.५, १ आणि २ मिमीचे शिम लेझरने कापून घ्या, तोंड उघडं ठेवा म्हणजे बोल्ट न काढता सैल करून सरकवता येतात. सुरुवात पुढे उणे २, मागे उणे १.५. कँबर बदलला की टो (वरून बघता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) बदलतो, तो पुन्हा मोजायचा.

टो_दोरा:
बंप स्टीअर माझ्याकडून. स्प्रिंग काढा, शॉकच्या जागी भोकं पाडलेली पट्टी लावा, म्हणजे चाक हवं त्या उंचीवर थांबतं. हबला सपाट प्लेट बोल्ट करा, तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज टेकवा. स्टीअरिंग रॅक मध्यावर पक्का बांधा. मग चाक उणे २५ पासून अधिक २५ पर्यंत ५-५ मिमीने हलवत दोन्ही गेजमधला फरक लिहा.

आलेख काढल्यावर रोग आपोआप कळतो. सरळ तिरकी रेघ आली तर टाय रॉडच्या (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) टोकाची उंची चुकली आहे, बाहेरच्या टोकाखाली वॉशर कमी-जास्त करून सुधारते. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच बाजूला वळणारी कमान आली तर टाय रॉडची लांबी चुकली आहे. ती वॉशरने कधीच सुधारत नाही, रॅकची रुंदी किंवा आतल्या क्लेव्हिसची (टाय रॉड रॅकला जोडणारा दोन कानांचा जोड) जागा हलवावी लागते. ± २५ मध्ये ०.१ अंशाच्या आत आणा.

टाय रॉडला एका टोकाला उजवा आणि दुसऱ्याला डावा आटा असेल तर पूर्ण एक फेरा म्हणजे २.५ मिमी. स्टीअरिंग आर्म ७० मिमीचा असेल तर तेवढ्याने टो २ अंश बदलतो. म्हणजे षटकोनाची एक बाजू फिरवली की एक तृतीयांश अंश. हे माहीत नसलं की लोक फेरेच्या फेरे फिरवत बसतात.

डँपर_नाना:
शॉकबद्दल कोणी बोललं नाही. माउंटन बाइकचा शॉक ३५०-५०० पाउंडांच्या स्प्रिंगसाठी घडवलेला असतो, कारण सायकलवर चाक शॉकच्या अडीचपट हलतं. तुम्ही त्यावर १७५ ची स्प्रिंग घालणार. त्यामुळे त्याचं रिबाउंड डँपिंग (चाक परत खाली येताना शॉकचा विरोध) तुमच्यासाठी फारच जड. ते पूर्ण आवळून गाडी पळवलीत तर एका धक्क्यातून चाक परत खाली येण्याआधी दुसरा धक्का येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि ड्रायव्हर सांगतो की स्प्रिंग मऊ आहे. स्प्रिंग बरोबर असते.

म्हणून रिबाउंड डँपिंग पूर्ण उघडं ठेवून सुरुवात करा. कोपऱ्याला मिमीची टेप चिकटवा, फोन स्लो मोशनवर लावा, कोपरा २५ मिमी दाबून सोडा. तो मूळ जागेच्या वर दीड-दोन मिमी जाऊन तिथेच स्थिरावला की डँपिंग क्रिटिकलच्या (अजिबात न डोलता परत येण्यापुरतं डँपिंग) ०.६५ च्या आसपास आहे. दोनदा डोलला तर एक-एक क्लिक आवळा. न डोलता संथपणे वर आला तर जास्त आहे.

ए-आर्म_नवखा:
धागा वर काढतोय. गाडी चाकांवर आली. घरगुती डिजिटल वजनकाटे चार घेतले. ड्रायव्हर बसवून वजनं: पुढे डावं ७४, पुढे उजवं ६९, मागे डावं ७५, मागे उजवं ८०. एकूण २९८. कॉलर फिरवून सरळ करू का?

टो_दोरा:
कॉलरला हात लावू नका, आधी काटे तपासा. एकच माणूस चारही काट्यांवर उभा करून आकडे लिहा, फरक असेल तर वजा करा. चारही काट्यांचे माथे एका पातळीत हवेत. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, १ मिमीच्या आत आणा, फरशीचे तुकडे आणि पत्र्याचे शिम खाली घाला. काट्यावर १२ मिमी प्लायवुड, त्यावर ग्रीस लावून दोन पत्रे एकावर एक, आणि मग चाक. पत्रे नसतील तर टायर काट्यावर बाजूला सरकत नाही, सस्पेन्शन अडकतं आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. प्रत्येक बदलानंतर गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून सोडायची.

आकडे बरोबर असतील तर पुढे ४८ टक्के, डावीकडे ५० टक्के, दोन्ही उत्तम. पुढे डावं आणि मागे उजवं (कर्णावरचं वजन) मिळून १५४, म्हणजे ५१.७ टक्के. ते १४९ वर हवं.

तुमच्या स्प्रिंगा आणि टायर धरून एका कोपऱ्याची उंची चाकाजवळ १ मिमी बदलली की कर्णावरचं वजन जवळपास ०.९ किलोने हलतं. ५ किलोला ५.७ मिमी. ते चार कोपऱ्यांत वाटा, प्रत्येकी १.४ मिमी: पुढे डावा आणि मागे उजवा खाली, पुढे उजवा आणि मागे डावा वर. अशाने राइड हाइट जागेवर राहते. हे पुशरॉडच्या लांबीने करा. कॉलरने केलंत तर दोन कोपऱ्यांवर स्प्रिंग रिबाउंडला सैल पडेल आणि मागच्या डाव्याचा रिबाउंड २५ च्या काठावर जाईल. पुशरॉड १ मिमी बदलला की चाक किती उतरतं ते सॉफ्टवेअरमध्ये बघून व्हर्नियरने मोजत फिरवा. ४९.५ ते ५०.५ च्या आत आलं की थांबा.

बेलक्रँक_बाय:
तपासणीसाठी काही गोष्टी, चालू वर्षाच्या नियमपुस्तकाशी ताडून घ्या. स्टीअरिंग व्हीलवर एकूण प्ले ७ अंशांच्या आत. ड्रायव्हर बसलेला असताना जमिनीपासून ३० मिमी. तुम्ही ४० वर ठेवा, पहिल्याच दिवशी तळ घासला तर उंची कमी करण्यापेक्षा वाढवणं जड जातं. बोल्ट ८.८ किंवा वरचे, शिअरमध्ये आटा नको, गुळगुळीत शँक हवी. नायलॉक नटाबाहेर दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. एकदा उघडलेला नायलॉक पुन्हा वापरू नका. रॉड एंड सिंगल शिअरमध्ये असेल तर हाउसिंगच्या भोकापेक्षा मोठा वॉशर लावा, म्हणजे गोळी निसटली तरी आर्म सुटत नाही. एम ८ चे ८.८ बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळा आणि नट व ब्रॅकेटवरून रंगाची एक सलग रेघ ओढा. प्रत्येक रननंतर रेघ तुटलेली दिसली की तो सांधा आधी उघडायचा.

डँपर_नाना:
स्पर्धेसाठी कोइम्बतूरला निघण्याआधी घरच्या मैदानावर स्किडपॅड (आठच्या आकड्यासारखा दोन वर्तुळांचा ट्रॅक) आखा. आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं, बाहेरचं २१.२५, दोन केंद्रांत १८.२५ अंतर. टायर १२ पीएसआयने सुरू करा, गरम झाल्यावर पुन्हा मोजा. नाक बाहेर जात असेल तर आधी दाब, मग पुढचा टो, आणि त्यानंतरही राहिलं तर १५० च्या स्प्रिंगा. डावीकडे आणि उजवीकडे वेळेत सातत्याने फरक पडत असेल तर स्प्रिंगांना हात न लावता गाडी परत काट्यांवर घ्या.