काजूच्या पाकिटावरचा पोपट ठेवायचा की उडवायचा?

फोंड्याचा_काजूवाला

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याला आमचं काजूचं दुकान आहे, मागे छोटासा कारखाना. पाकिटावर लाल गोलात हिरवा पोपट, त्याच्या चोचीत काजूचं बोंड आणि खाली वळणदार देवनागरीत नाव. हे चित्र बाबांनी ऐंशीच्या दशकात म्हापशाच्या एका पेंटरकडून काढून घेतलं होतं. तेव्हापासून तेच चालू आहे.

आता धाकटा भाऊ बेंगळुरूची नोकरी सोडून धंद्यात आलाय. त्याच्या मित्राने नवा लोगो करून दिला. पोपट गायब, पाकीट फिकट बदामी, मधोमध बारीक रोमन अक्षरांत नाव. दिसतं छान, खोटं कशाला बोलू. कळंगुटच्या दोन दुकानदारांना तर फारच आवडलं. बाबा काहीच बोलत नाहीत, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

चतुर्थीनंतर दिवाळीची पाकिटं छापायला टाकायची आहेत. मोठ्या कंपन्याही लोगो बदलतात, काहींचं जमतं, काहींचं हसं होतं. नेमकं कशावर ठरतं हे?

पणजी_पाटो

बदला बिनधास्त. आजकाल सगळं साधं, मोकळं चालतं. गोलातला पोपट बघून मला आमच्या आजीच्या काळातली काडेपेटी आठवते.

जुना_छापखानेवाला

मी आयुष्यभर लेबलं छापली. आधी ब्लॉकवर, मग ऑफसेटवर, आता पाउचचं काम बाहेरून करून आणतो. तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट. स्वतःच्या लोगोचा कंटाळा सगळ्यात आधी मालकाला येतो, कारण तो रोज तेच बघतो. गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा बघतं, तेही रॅकवरून उचलताना क्षणभर. त्या क्षणात ते वाचत नाही, ओळखतं. त्यामुळे लोगो सुंदर आहे का, हा माझा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, माणूस दुरून कशावरून ओळखतो?

तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या ट्रॉपिकाना रसाचं. त्यांच्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ असायची. जानेवारी २००९मध्ये त्यांनी ती काढली, ग्लासभर रसाचा फोटो टाकला, नाव बारीक अक्षरांत उभं फिरवलं. रस तोच, किंमत तीच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली. लोक म्हणायला लागले की हे तर दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखं दिसतं. काहींना नेहमीचं खोकं सापडेचना. फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीने जुनं चित्र परत आणायचं जाहीर केलं. आता तुमच्या भावाच्या मित्राचं डिझाइन समोर ठेवा: ओळखीचं चित्र गेलं, अक्षरं बारीक झाली, रंग फिका झाला. काय म्हणतोय ते लक्षात आलं असेल.

गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१०मध्ये जुना निळा चौकोन काढून नवा लोगो आणला आणि आठवडाभरात गुंडाळला. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. बदलायचं कारणच कुणाला दिसलं नाही.

आता जमलेलं उदाहरण. स्टारबक्सची दोन शेपट्यांची जलपरी १९७१मध्ये तपकिरी होती आणि जुन्या लाकडी छाप्यासारखी बारीक रेघांची. १९८७मध्ये ती हिरवी झाली, चित्र सोपं झालं. १९९२मध्ये चित्र आणखी जवळून घेतलं. २०११मध्ये भोवतालचं नाव आणि कॉफी हा शब्दसुद्धा गेला, कारण त्यांना कॉफीपलीकडचंही विकायचं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी बरंच काही काढून टाकलं, पण बाईला हात लावताना जपून लावला. आज नावाशिवाय तिला जग ओळखतं. आणि हे नाव काढणं २०११मध्ये जमलं, पहिल्याच वर्षी केलं असतं तर नसतं जमलं.

कधीकधी बदलावंच लागतं. हिरो होंडाची भागीदारी तुटली तेव्हा २०११मध्ये हिरो मोटोकॉर्पला नवं चिन्ह घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अॅपलच्या १९७६च्या पहिल्या लोगोत झाडाखाली बसलेला न्यूटन होता, भोवती फीत, त्यावर अक्षरं. असलं बारीक नक्षीकाम यंत्रावर छोट्या आकारात कसं उमटणार? पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफने चावलेलं सफरचंद करून दिलं. कारण खरं असलं की लोक बदल पचवतात.

तुमचं कारण काय, ते एका वाक्यात लिहून काढा. “जुनं वाटतं” हे कारण मी धरत नाही.

आपल्या गोव्याच्या सरकारी कदंब बसवरचा सिंहच बघा ना. कदंब राजांचं चिन्ह, १९८०मध्ये महामंडळ निघाल्यापासून सोबत आहे. डिचोलीच्या स्टँडवर चष्मा घरी विसरलेला म्हातारासुद्धा सरकारी बस कुठली आणि खाजगी कुठली ते चुकत नाही.

म्हापशे_बाजार

देव बरें करूं, छापखानेवाले पात्रांव! मी किरकोळ विक्रीवाला. शुक्रवारी गर्दीत गिऱ्हाईक नाव घेत नाही. “ते पोपटाचे द्या” एवढंच. मुंबईचे लोक पुढच्या खेपेला मोबाईलवर रिकाम्या पाकिटाचा फोटो काढून आणतात आणि हेच हवं म्हणतात. बदामी रंगाची पाकिटं माझ्याकडे आत्ताच चार जणांची आहेत, मलाच उलटी करून नाव वाचावं लागतं.

पोपट काढला तर पोपट तुमचाच होईल हो.

फोंड्याचा_काजूवाला

हसलो, आणि भावालाही वाचायला दिलं. त्याचं म्हणणं चूक नाही पण. व्हॉट्सअॅपच्या डीपीत आमचा पोपट हिरवा डाग दिसतो. पन्नास ग्रॅमच्या पाउचवर पिसांच्या रेघा एकमेकींत मिसळतात. ऑनलाइन विकायचं म्हटलं तर त्या चिमुकल्या चौकोनात गोल, पोपट, बोंड, नाव, सगळं कोंबणार कसं?

जुना_छापखानेवाला

वा, हे झालं कारण. हे आधी सांगितलं असतं तर एवढं लेक्चर ऐकावं लागलं नसतं तुम्हाला!

मग असं करा. पोपट ठेवा, लाल गोल ठेवा, चोचीतलं बोंड ठेवा. पिसं काढा. पंखाला एक रेघ पुरे. बोंडाखाली लोंबणारी बी मात्र ठळक हवी, नाहीतर ते सफरचंद वाटेल. देवनागरी नाव त्याच वळणाचं ठेवून अक्षरं जाड करा, रोमन नाव हवं तर खाली लहान द्या. छोट्या चौकोनासाठी फक्त पोपटाचं डोकं आणि बोंड, नाव नको. दोन्ही एकाच हाताने काढलेली दिसली पाहिजेत. अक्षरांची मोडतोड करून फार कलाकारी नको. किया मोटर्सने २०२१मध्ये अक्षरं एकमेकांना जोडली, तर ती “केएन” अशी वाचून लोक गूगलवर “केएन कार” शोधत बसले. त्यांच्या जाहिराती एवढ्या मोठ्या की निभावलं. आपण पाकिटावर निभावतो.

पाउच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापत असाल तर दर रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. तुमच्या आताच्या पोपटात हिरव्याच्याच दोन छटा असतील. एक केलीत तर एका सिलिंडरचा खर्च वाचेल, आणि छोट्या पाउचवर छपाई हललेलीही कमी दिसेल. भावाच्या मित्राला सांगा, आधी काळ्या एका रंगात काढून दे. रबर स्टॅम्पवर ओळखू आला तर पुढे जायचं. आणि मूळ फाईल व्हेक्टरमध्ये घ्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी अंधुक होत नाही, फोटो नको. दर दिवाळीला कुणीतरी मोबाईलवरचा अंधुक फोटो पाठवून “हाच लोगो मोठा करा” म्हणतं, माझे केस त्यानेच गेले.

नवं पाकीट म्हापशेवाल्यांच्या रॅकवर बाकीच्यांच्या मध्ये ठेवून दहा पावलांवरून बघा. लॅपटॉपवर सगळंच चांगलं दिसतं.

आणखी एक. ट्रेडमार्क कोणत्या रूपात रजिस्टर आहे, ते छापायच्या आधी बघा. भाजलेले काजू वर्ग २९मध्ये येतात. चिन्हाची ओळख फारशी बदलणार नसेल तर १९९९च्या कायद्याच्या कलम ५९खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पोपटच काढून टाकलात तर नवा अर्ज. आणि रजिस्टर केलेलं चिन्ह सलग पाच वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकण्यासाठी दुसरा कुणी अर्ज करू शकतो. म्हणजे तुम्ही सोडलेला पोपट उद्या शेजाऱ्याच्या पाकिटावर.

फोंड्याचा_काजूवाला

कपाट उपसलं. प्रमाणपत्र सापडलं, दर दहा वर्षांनी नूतनीकरणही केलेलं आहे. पण त्यात फक्त नाव आहे, पोपटाचं चित्र कुठेच नाही! बाबांना विचारलं तर म्हणाले, “रजिस्टर करून देणारा चित्राचे वेगळे पैसे मागत होता.” सोमवारी पणजीला वकिलाकडे जातोय. डिझाइन तोवर थांबवलंय, भावाला फक्त पिसं काढायला बसवलंय.