आरएक्सच्या टाकीत नायट्रो, थिनर, डांबर गोळ्या: रेसला काही मिसळावं का?

चोक_बंद

मातीच्या ट्रॅकवर आणि ड्रॅगला (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीला) यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स १०० अजून पळते, आणि 'त्याच्या टाकीत काहीतरी आहे' ही कुजबुजही तिच्या मागे पळते. माझं मत: पेट्रोलवर जेटिंग केलेल्या (म्हणजे कार्ब्युरेटरची इंधनाची भोकं, जेट, पेट्रोलला जुळवलेल्या) इंजिनात पॉवरसाठी काहीही ओतू नये. भांडायला हा धागा मोकळा आहे.

ऑक्टेन बूस्टरपासून सुरू करू. बाटलीवरचे '३ पॉइंट' म्हणजे बहुतेक वेळा ०.३ ऑक्टेन, म्हणजे ९१ चं ९१.३. आणि ऑक्टेन वाढल्याने ताकद वाढत नाही, नॉकिंग (इंधन वेळेआधी आपोआप पेटून होणारी ठोकठोक) लांबतं एवढंच. स्टॉक (कंपनीतून आली तशा) आरएक्सचं कॉम्प्रेशन ६.७:१ आहे, ती साध्या पेट्रोलवरच नॉक होत नाही. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर गोष्ट वेगळी.

खरी ताकद देणारी द्रव्यं स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतात. नायट्रोमिथेन (नायट्रो) १ किलो जाळायला १.७ किलो हवा पुरते, पेट्रोलला १४.७ किलो लागते. तेवढ्याच हवेत नायट्रो सव्वादोनपट उष्णता देतं. पण मेन जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू आधीच सगळ्यात तापलेली असते. तिथली कड वितळते, रिंग अडकते, नाहीतर क्राउनला (पिस्टनच्या माथ्याला) भोक पडतं.

शिवाय नायट्रो पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. घनता १.१४, त्यामुळे ते तळाशी बसतं. गाडी उभी असताना खालच्या नळातून आधी नायट्रो येतं, मग पेट्रोल. स्टार्ट लाइनला एक जेटिंग आणि अर्ध्या स्ट्रेटला दुसरं, असं कसं चालायचं?

एरंडेल_२०

पेट्रोलपुरतं मान्य. पण 'काहीही ओतू नये' हा निष्कर्ष ताणलेला आहे. नायट्रोचा जोडीदार मिथेनॉल आहे. ते एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि हिशेब कागदावर करता येतो.

मिथेनॉलला ६.४:१ हवा लागते, म्हणजे घनमानाने पेट्रोलच्या सव्वादोनपटीला थोडं कमी इंधन. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं, म्हणजे व्यास सुमारे दीडपट. त्यात १० टक्के नायट्रो (घनमानाने) घातलं की आणखी ७ टक्के प्रवाह लागतो, व्यासात जेमतेम ३ टक्के. ही काही जादू नाही. ५ टक्क्यांपासून सुरुवात करा, प्लग एक-दोन पायऱ्या थंड लावा (एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड), ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या. फुल थ्रॉटलला क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग वाचा (काढून त्यावरच्या खुणांवरून जळण कसं झालं ते ओळखा). पोर्सिलेनवर अॅल्युमिनियमचे चमकते कण दिसले की थांबायचं.

मिथेनॉल बाष्प होताना किलोमागे साधारण ११०० किलोज्यूल उष्णता ओढतं, पेट्रोल ३५० च्या आसपास. त्यात जातंही दुप्पट. चार्ज इतका थंड होतो की कॉम्प्रेशन निवांत वाढवता येतं. हा धोका नाही, हे इंजिनीअरिंग आहे.

चोक_बंद

जेट बदलला, पण नळाचं काय? आरएक्सचा पेट्रोल कॉक (टाकीचा नळ) आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत इंधन सोडणारा फ्लोट व्हॉल्व्ह पेट्रोलच्या हिशेबाचे आहेत. दुप्पट प्रवाह मागितला की स्ट्रेटच्या शेवटी ती वाटी, म्हणजे फ्लोट बाऊल, रिकामा होतो आणि ऐन फुल थ्रॉटलला इंजिन लीन होतं. तुम्ही प्लग वाचाल तो पहिल्या १०० मीटरचा.

एरंडेल_२०

बरोबर, म्हणून आधी फ्लो मोजायचा. बाऊलचा ड्रेन उघडा, मोजपात्र खाली धरा, नळ पूर्ण सोडा आणि एक मिनिट मोजा. म्हणजे फ्लोट व्हॉल्व्हसकट मोजमाप होतं. इंजिनच्या कमाल मागणीपेक्षा दीडपट आलं नाही तर मोठा कॉक आणि मोठी सीट. आणि तेल एरंडेलच किंवा मिथेनॉलसाठीचं एस्टर. साधं मिनरल टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, वेगळं होऊन बसतं. मग क्रँक बेअरिंगला तेल मिळतच नाही.

सायलेन्सर_काढा

एवढी कटकट कशाला? पेंटवाल्याकडचं थिनर १० टक्के. थिनर म्हणजे टोल्युईन, आणि टोल्युईनवर फॉर्म्युला वन धावली आहे.

मायक्रोमीटर

धावली, पण वेगळ्या कारणाने. १९८८ च्या होंडा टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युईन आणि १६ टक्के नॉर्मल हेप्टेन होतं. हेप्टेन ऑक्टेन *खाली* आणायला, कारण नियमात १०२ ची मर्यादा होती. टर्बो गाड्यांना शर्यतीला १५० लिटरच इंधन मिळे, म्हणून लिटरमागे जास्त ऊर्जा असलेलं जड इंधन हवं होतं. ते लवकर बाष्प होत नाही म्हणून तापवून द्यावं लागे. टर्बो नसलेल्या १०० सीसीला यातलं काहीच लागू नाही. शुद्ध टोल्युईन १० टक्के घातलं तर ९१ चं ढोबळ ९४ होईल, बस.

आणि दुकानातलं थिनर शुद्ध टोल्युईन नसतंच. त्यात अॅसिटोन, ब्यूटाइल अॅसिटेट, कधी मिथेनॉल, डब्यागणिक वेगळं. क्रँकचे रबरी ऑइल सील त्यात फुगतात, मग हवा आत खेचतात. परत लीन.

डांबर गोळ्यांचंही इथेच उरकतो. नॅफ्थलीन असेल तर पेट्रोल उडाल्यावर त्याचे स्फटिक पायलट जेटमध्ये (मंद चालीच्या बारीक जेटमध्ये) बसतात. पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्या असतील तर जळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. कपाटातच बऱ्या.

जुनी_रिंग

पेट्रोलमध्ये नायट्रो विरघळवायला प्रोपिलीन ऑक्साइड घालतात, त्याबद्दल कोणी बोललं नाही.

मायक्रोमीटर

तेच सगळ्यात वाईट. उत्कलनबिंदू ३४ अंश. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी ते कॅनमध्येच उकळायला टेकलेलं असतं, तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये तर बाऊलमध्येच वाफ होते. झाकण उघडं ठेवलेल्या कॅनमधलं प्रमाण तासाभरात बदलतं, म्हणजे सकाळचं जेटिंग दुपारी खोटं. नायट्राइल आणि व्हिटॉन, दोन्ही रबरांचे सील खातं, पीटीएफई (टेफ्लॉन) तेवढं टिकतं. कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे. अमेरिकेच्या एनएचआरएने (ड्रॅग शर्यतींच्या संघटनेने) ते आणि हायड्राझिन हे दुसरं रसायन, दोन्ही बंद केलेत. हायड्राझिन नायट्रोत गेलं की इंधन नाही, स्फोटक होतं.

चोक_बंद

मिथेनॉललाही 'नुसतं इंजिनीअरिंग' म्हणून सोडू नका. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पिटमध्ये रिक मिअर्स या ड्रायव्हरवर इंधन सांडलं आणि पेटलं, तेव्हा तो जळतोय हे आजूबाजूच्यांना आधी कळलंच नाही. त्वचेतूनही शरीरात जातं, पोटात थोडं गेलं तरी डोळे जातात. २०१५ ला मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती याच द्रव्याने. हातमोजे आणि जवळ भरपूर पाणी ठेवा. बाटलीतून तोंडाने ओढून काढणं तर बंदच.

एरंडेल_२०

हे सगळं मान्य, तरी तुमचा मूळ मुद्दा पटत नाही. पंपावरचं पेट्रोल आता स्वतःच ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). त्यात वजनाने ७ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आहे. जुन्या पेट्रोलच्या मानाने त्याच जेटवर मिश्रण ७ टक्के लीन होतं. म्हणजे 'काही न ओतणारे'ही ऑक्सिजनवालं इंधन जाळताहेत, फक्त जेट न बदलता.

चोक_बंद

हा मुद्दा घेतला. जुन्या जेटिंगवर ई२० जाळणाऱ्यांनी मेन जेटचा व्यास साडेतीन-चार टक्के वाढवून बघावा. पण त्याने नायट्रोला परवाना मिळत नाही. पंपाच्या पेट्रोलच्या क्लासमध्ये ते फसवणूकच आहे, आणि घनता किंवा डायइलेक्ट्रिक मीटरवर १० टक्के नायट्रो लपत नाही.

एरंडेल_२०

ओपन क्लासबद्दल (जिथे इंधनाचं बंधन नाही) बोलतोय हो मी!

जुनी_रिंग

ओपनवाल्यांना एक विचारतो. रात्रभर मिथेनॉल आत राहिलं तर?

एरंडेल_२०

राहू देऊ नये. ते पाणी ओढतं आणि बाऊलच्या जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरा चिकट थर धरतो, जेट बुजतात. शेवटच्या हीटनंतर (फेरीनंतर) टाकी आणि बाऊल रिकामे करा. टू-टी मिसळलेलं पेट्रोल २०० मिली घाला, जुना पेट्रोलचा जेट लावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर बिग एंडच्या (क्रँकवरच्या बेअरिंगच्या) रोलरवर गंज चढतो.