बाबूराव आपला, की आपल्यावरचा विनोद?

तिसरी घंटा:
'हेरा फेरी'तला (२०००) बाबूराव गणपतराव आपटे मलाही प्रिय आहे. तरी हिंदीतल्या गुन्हेगारी विनोदपटांत मराठी माणसाला काय जागा मिळते, याचा तो नमुना आहे असं माझं ठाम मत आहे. धोतर, बनियन, जाड भिंगांचा चष्मा आणि मराठी वळणाचं हिंदी. स्टार गॅरेज त्याचं, अपहरणकर्त्याचा खंडणीचा फोन चुकीच्या नंबरमुळे त्याच्याकडे येतो, पण दुप्पट रक्कम मागून मधले पैसे मारायची युक्ती त्याचा भाडेकरू राजूची. अशा सिनेमात बेत कोण आखतो ते मी आधी बघते. बेत आखणारा हुशार ठरतो, बाकीचे धांदलीपुरते. तब्बूच्या अनुराधाला तर अपहरणाच्या भानगडीत जवळजवळ कामच नाही.

गिरगावकर:
साफ असहमत. मूळ मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग'मध्ये (१९८९) त्याच जागी इनोसंटने रंगवलेला मन्नार मत्ताई आहे, नाटक कंपनीचा मालक. तिथेही पैशांची चणचण, तिथेही फोन नंबरचा घोळ. म्हणजे हसू येतं ते कफल्लकपणातून, मराठीपणातून नाही. बाबूराव ज्यांच्यावर दिवसभर खेकसतो त्यांनाच घरात ठेवून घेतो. असा घरमालक चाळीत वाढलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. त्याला व्यंगचित्र म्हणू नका.

तिसरी घंटा:
@गिरगावकर, गोष्ट कुठल्याही माणसाची चालली असती, तर हिंदीत त्याला मराठीच का केलं? तो हेल ऐकला की थिएटर आधीच हसायच्या तयारीत असतं, म्हणून. परेश रावलने भूमिकेचं सोनं केलं, वादच नाही. पण एरवी हा हेल हवालदार आणि कामवालीच्या पलीकडे कितीदा जातो?

साष्टीकार:
मी मडगावचा. 'मडगाव एक्सप्रेस' (२०२४) बघितलात का? कुणाल खेमूचं दिग्दर्शन. तीन मित्र मुंबईहून गोव्याला निघतात आणि कोकेनच्या लफड्यात सापडतात. गोवा म्हणजे पुन्हा अमली पदार्थच, याचा मला मनापासून राग आहे. पण त्यातली छाया कदमची कंचन कोंबडी बघा! सगळी बायकांची टोळी, म्होरकी ही, आणि समोर उपेंद्र लिमयेचा मेंडोझा. मराठी हेल तोच, पण ती बोलायला लागली की समोरच्याची बोबडी वळते. तिसरी घंटा यांना हवं होतं ते हेच ना?

गिरगावकर:
बोबडी वळते, मान्य. पण बाबूरावची देणी, त्याचं घर, त्याची रात्रीची बाटली सगळं मला ठाऊक आहे. कंचनचं काय ठाऊक आहे? ती येते, दरारा बसवते, जाते. गोष्ट त्या तीन पोरांचीच राहते. हातात सत्ता दिली म्हणून माणूस उभा राहत नाही. मला हसवणारा पण पूर्ण माणूस हवा.

तिसरी घंटा:
मग दोन्ही एकाच बाईला द्या की! छाया कदमसारखी नटी आहे. थकलेलं कर्ज तिचं आणि खंडणीचा डावही तिचाच. असा सिनेमा लिहायला कुणी अडवलंय? लेखकांच्या खोलीत अशा बायकांना ओळखणारं कुणी बसलेलं नसतं, खरं दुखणं ते आहे.

साष्टीकार:
लिहिणार असाल तर तिला मडगावच्या मार्केटात मासे विकू दे आणि कोंकणी बोलू दे. हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं गोंयकार म्हणजे 'मॅन, मॅन' करणारा दारुडा, एवढंच दाखवलंय. तुमचा निदान हेल तरी पडद्यावर पोचला. आमची भाषा अजून दारातच उभी आहे.