मदत हवी आहे: तीन वर्षं सगळ्यांचा 'दादा' आहे, आता खरं कसं सांगू?

डिस्कॉर्ड ह्या चॅट ॲपवर बुद्धिबळाचा एक ग्रुप आहे, तिथे मी 'तिरका उंट' नावाने आहे. जॉईन होताना मुलगी आहे हे कळू द्यायचं नव्हतं, कारण आधीच्या एका ग्रुपात गेमपेक्षा डीएमच (खाजगी मेसेज) जास्त यायचे. पण मराठीत लपणं किती अवघड आहे बघा, 'करते' की 'करतो' तिथेच पकडले जाता. मग मी 'मी खेळले' ऐवजी 'माझा गेम झाला', 'मी बघितलं', 'मी सांगेन' असं टाईप करायचे, ह्यात कुठेच कळत नाही. आणि एकदा घाईत 'येतो' गेलं हातून, झालं, तेव्हापासून दादा 😅

गंमत म्हणजे हा दादा मला आवडायला लागला. बिनधास्त बोलतो, चुकला तर हसून कबूल करतो. मी एरवी चार लोकांत तोंड उघडत नाही. त्यामुळे खोटं बोलले असं पूर्ण वाटतही नाही, पण दोघेतिघे त्यांच्या घरच्या गोष्टी मला विश्वासाने सांगतात तेव्हा पोटात गोळा येतो.

आता सगळ्यांचा व्हॉइस कॉल ठरतोय. नवीन अकाउंट काढलं तर आधीचं सगळं जुन्या अकाउंटलाच राहणार, आणि नुसतं टोपणनाव बदललं तर जुन्या मेसेजवरही नवीनच दिसणार.

कोणी असं केलंय का? आधी जवळच्यांना एकेकट्याला सांगावं की ग्रुपवर एकदाच? आणि नाव तेच ठेवलं तर चालेल ना, ते मला सोडवत नाहीये.